कोळशाच्या गिटारीतली चिठ्ठी

नाही. ती चिठ्ठी नाही निघणार. बाकी काय म्हणायचं ते म्हणा, घटकाभर टेका, माठातलं पाणी घ्या — पण चिठ्ठी निघणार नाही, अन् बोलायचं असन तर इकडे तोंड करून बोला, रस्त्याकडे पाहून बोलू नका, रस्त्याले काय समजते गिटारीतलं? — हां, असं. आता म्हणा. — कूलर? कूलर नाही बंद होणार. बाहेर त्रेचाळीस आहे, तुमच्या कपाळावरून धार लागली, अन् तुम्ही म्हणता कूलर बंद करा, आवाज होते. होऊ द्या आवाज. तुम्हीच जरा मोठ्यानं बोला. तरण्या माणसाले मोठ्यानं बोलायले काय होते?

अन् एक पहिलेच सांगून ठेवते, आजी म्हणू नका. मी तुमची आजी नाही. तुमची आजी नागपुरात असन, तिले म्हणा. मले रुखमाबाई म्हणा, नाहीतर मिस्त्री म्हणा. बाहेर पाटी वाचली न — ‘रुखमाबाई, वाद्य दुरूस्ती. पेटी, ढोलकी, बँजो, गिटार’ — मीच रंगवली ती. एक मास्तर भांडायले आलता, म्हणे दुरुस्तीतला रु ऱ्हस्व पाहिजे. म्हटलं मास्तर, पाटी माही, भिंत माही, रू पण माहाच. तुमच्या शाळेत ऱ्हस्व काढा, इथं दीर्घ राहीन. — तर मिस्त्री म्हणा. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही काय म्हणाले, आठवते? मले आठवते. माह्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाले, ‘मिस्त्री कुठं आहेत?’ मी म्हटलं जेवायले गेली, आता येते. आत गेली, चष्मा घातला, बाहेर आली, म्हटलं, बोला.

आता नीट समजून घेऊ, काहून का तुम्ही घाईत आहात अन् घाईतला माणूस काहीबी बोलते. तुम्ही अवधूतसाहेब, कंपनीचे माणूस, गावोगाव कार्बनच्या काळ्या गिटारी दाखवत फिरता. मऊ पिशवीत घालून गाडीच्या मागं बांधली, आर्णी रोडच्या गतिरोधकावर ती उडाली, खालच्या कडेवर आपटली, अन् वरच्या पाटीले चांगली चार बोटं भेग. तुम्ही दोन सुताराकडे गेले, मंग त्या मोबाईलच्या काचा बदलते त्याच्याकडे गेले — मले समजलं, ह्या गावात काही लपत नाही — सगळ्यानं हात झटकले, हे लाकूड नाही, प्लास्टिक नाही, लोखंड नाही, आमचं काम नाही. शेवटी माह्याकडे. अन् मी तीन दिवसांत करून दिली. घ्या, हात फिरवा. भेग सापडते का बोटाले? नाही सापडत. वाजवा. वाजवा न! — मंग. एवढं झाल्यावर माणसानं काय म्हणावं? वाहवा म्हणावं. तुम्ही काय म्हणाले? — आतली चिठ्ठी काढा.

काहून, ते मले समजते. आज दोन वाजता राळेगावच्या शाळेत पोचायचं आहे. तिथल्या गाण्याच्या प्राची मॅडम, पोट्ट्यासाठी बारा गिटारी घेऊन राह्यल्या, लाकडाच्या घ्याव्या का ह्या काळ्या, ते आज ठरते. अन् तुम्ही तिथं उभे राहून काय म्हणणार, तेही मले पाठ आहे, त्या दिवशी फुटलेली मांडीवर घेऊन मलेच म्हणून दाखवलं — ‘ऊन नाही, पाणी नाही, तडा नाही, ही तुटतच नाही.’ फुटलेली मांडीवर घेऊन! मी पदर लावला तोंडाले, नाहीतर तुमच्या तोंडावर हसली असती. आता भेव हे आहे का मॅडम फोनची बत्ती लावून भोकातून आत पाहतीन अन् माही चिठ्ठी दिसन. दिसू द्या. काय लिहिलं आहे त्यात? ‘वरची पाटी खालच्या कडेले फुटली होती. आतून ठिगळ दिलं. रुखमाबाई उकंडा, यवतमाळ.’ अन् तारीख. एकतरी शब्द खोटा आहे का? — नाही न. मंग?

उकंडा माहा बाप. नवऱ्याचं नाव नाही लावत मी, तो मुंबईले कामाले जातो म्हणून गेलता, त्याचं नाव त्याच्यासंग गेलं. उकंडा म्हणजे काय, माहीत आहे? उकिरडा. आधीची लेकरं जगली नाही म्हणून आजीनं असं नाव ठेवलं, मरणानं पाहावं अन् म्हणावं, हे काही उचलायजोगं नाही. पुढं छप्पन साली बापानं धम्म घेतला, लोक म्हणाले आता नाव बदल. तो म्हणे राहू द्या, आता कोणी हसून दाखवावं ह्या नावाले. तर हा माहा बाप सागवानाच्या डेपोत होता. जंगलातून ओंडका आला का त्याच्या बुडावर शिक्क्याचा हातोडा मारायचा — कोणत्या जंगलातला, कोणत्या सालचा, कितवा. बिनशिक्क्याचा ओंडका गाडीत सापडला म्हणजे चोरीचा. मंग तो किती का सरळ असेना, किती का पिकलेला असेना, चोरीचा तो चोरीचा. मी चवथीपर्यंत शाळेत गेली, पण अक्षरं जास्त शिकली त्या ओंडक्याच्या बुडावर. म्हणून तुमाले सांगते, बिनचिठ्ठीची दुरूस्ती म्हणजे बिनशिक्क्याचं लाकूड. मी चोरीचा माल दुकानाबाहेर धाडत नाही.

हसू नका. का हसून राह्यले? एवढीशी चिठ्ठी, बोटभर कागद, म्हणता. — ऐका मंग. चवदा वर्षांची असताना मी सदाशिव मिस्त्रीच्या दुकानात झाडू मारायले लागली. पेट्यांचं दुकान. मिस्त्रीनं मले शिकवलं नाही, अन् हाकललंही नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायलेच पाहिजे. मी झाडता झाडता पाहिलं. भाता फाटला का कातडं कसं सोलून पातळ करायचं, सूर घोगरा झाला का पितळेच्या पट्टीले कुठं घासायचं, किती घासायचं, कधी हात आवरायचा. दोन वर्षांत अशी गत झाली का मिस्त्री समोर गिऱ्हाइकासंग गप्पा मारते अन् मी मागच्या खोलीत काम करते. हात माहे, कागद त्याच्या नावाचा. एकदा देवळाच्या भजनी मंडळाची पेटी आली. भाता माह्या हातचा, सूर माह्या हातचे, पॉलिश माह्या हातचं. पोचवायले गेलो तर पेटी आत गेली अन् मी पायरीपाशी. पेटी चालते, हात चालत नाही. — नाही, मी रडली-बिडली नाही. रडायचे दिवस नव्हते ते. पुढच्या पेटीपासून मी आतल्या फळीच्या खालच्या अंगाले, जिथं फक्त पुढचा दुरूस्त करणाराच पाहीन, तिथं पेन्सिलीनं लिहायले लागली. रुखमा. अन् साल. बस.

तीन वर्षांआधी पुसदहून एक जण आला, आजोबाची पेटी घेऊन. म्हणे मावशी, सांभाळून उघडा, सदाशिव मिस्त्रीच्या हातची आहे, तसा माणूस आता होणे नाही. मी स्क्रू काढले. फळी उचलली. रुखमा, अडुसष्ट. — मी त्याले काही बोलली नाही. … बोलली, बोलली, खोटं कायले सांगू. मानेले धरून वाकवलं अन् म्हटलं, वाच. त्यानं वाचलं. मंग पाटी पाहिली. मंग माह्याकडे पाहिलं. पाणी पिलं अन् गेला. आता येते दर दिवाळीले, चिवडा घेऊन. — तर ही चिठ्ठी तुमाले बोटभर वाटते. मले भोकाच्या बरोबर खाली, उजेडात, डिंकानं चिकटवता यावी म्हणून पंधरा वर्षं पेन्सिलीनं अंधारात लिहावं लागलं.

अन् तुमाले वाटत असन, म्हातारी लाकडाची आहे, हिले कोळशाचा राग आहे. — हो, मी कोळसाच म्हणते. कार्बन म्हणजे दुसरं काय? आमच्या वणीच्या खाणीतून निघते तो तुमच्या गिटारीचा चुलतभाऊ. धागा जाळून जाळून करतात, मले माहीत आहे, मी सगळं पाहिलं आहे फोनवर, आवाज न लावता, खालची अक्षरं वाचत. मंग त्या काळ्या धाग्याचं कापड विणतात, जीनच्या पँटीची असते न तशी तिरपी वीण. कापसाच्या जिल्ह्यातली बाई आहे मी, मले वीण समजते. मंग ते कापड साच्यात घालायचं, वरून रेझिन, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा डिंक, दाबायचं, काढायचं, झाली गिटार. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. पहिले ही चीज म्हणजे जहाजावर फिरणाऱ्या गोऱ्या लोकाइची, इकडे फोटोतही कोणी पाहिली नव्हती. आता चीनमधून येते, पोट्टे फोनवर बोट दाबते अन् आठ दिवसांत दारात. अर्धी-अर्धीही आली, पोट काळं अन् छाती लाकडाची. काहीत तर नुसता दाबलेला कागद अन् रेझिन, वरून लाकडाचा फोटो चिकटवलेला — दोनदा फसली मी, घासायले गेली तर लाकडाचा रंग पॉलिश पेपरवर आला! अन् शिसवाचं काही देशाबाहेर धाडायचं म्हटलं तर परवान्याचे कागदावर कागद, म्हणून मोठमोठे कारखानेही आता दुसरं काही शोधून राह्यले. — पाहा, तोंड उघडं राह्यलं तुमचं. तुमच्या पुस्तकात आहे न हे सगळं? मले पुस्तक लागलं नाही.

अन् ह्या गावाले तर तुमची काळी पाहिजेच. पाहिजेच! इथं मे महिन्यात लाकूड सुकून कडकड करते, तर लोक काय करतात? गिटार कूलरसमोर ठेवतात. माणसाले गार वाटते तर तिलेही वाटन! दिवसभर ओला वारा खाऊन ती फुगते, लाईट गेली का सुकते, पुन्हा फुगते, पुन्हा सुकते, अन् जूनमध्ये माह्या दारात, ब्रिज उखडून — तारा खाली जिथं बांधतात न, तोच. मी त्याले कूलरची बिमारी म्हणते. चांगले शिकलेले ठेवतात. अन् आमच्या वस्तीतला संघदीप, गायन पार्टीत गिटार वाजवते, चौदा एप्रिलले उघड्या ट्रकवर उभा, वर ऊन, खाली तापलेला पत्रा, अन् भर गाण्यात ब्रिज उडाला, टण्णकन, बाजूच्या ढोलकीवाल्याच्या कानाले लागला. तो मले विचारे, मावशी, काळी घेऊ का? मी म्हटलं घे. माह्या पोटावर पाय येते, येऊ दे. बाबासाहेबाचं गाणं मधातच थांबू नाही. — आता सांगा, कोण आहे लाकडाचं?

माहं भांडण तुमच्या त्या एका वाक्यासंग आहे. ‘तुटतच नाही.’ काहून म्हणता असं? अहो, लाकूड सांगून तुटते. महिनाभर कुरकुर करते, एक केस दिसते, मंग दोन दिसतात, आपल्याले वेळ देते. तुमचा कोळसा एक शब्द बोलत नाही. चांगला, चांगला, चांगला — अन् एक दिवस कडाड. गुमान राहणारा माणूस मोडते तसा. ती बारा पोट्टी, कोणी सायकलवर अडकवीन, कोणी बसायले घेईन, कोणी भांडणात डोक्यात घालन, अन् तुम्ही सांगितलं आहे का तुटतच नाही. मंग तुटली का मास्तर काय समजतीन? पोट्ट्यानं मुद्दाम तोडली. मार कोण खाईन? तुम्ही नागपुरात. त्यापेक्षा सरळ म्हणा न — तुटते, अन् दुरूस्त होते. हे पाहा, इथं तुटलीती, लावा बोट, सापडते का? यवतमाळात एक बाई आहे ती करते. याच्यापेक्षा मोठी जाहिरात कोणती पाहिजे? माह्या मतानं तर ही तुमची फुटलेली गिटारच तुमच्या सगळ्या गिटारीत भारी आहे. पण तुमाले ती कुमारिका करून धाडायची आहे.

— काय? ओठ पुरे हलवा, तोंडातल्या तोंडात बोलू नका. — हां. ‘आतून बरोबर बसली कशावरून.’ आवाज तोच आहे कशावरून. बरं विचारलं. कोणीतरी विचारावं म्हणून मी तीन दिवस वाट पाहून राह्यली. ऐका. कूलरच्या फायबरच्या टाक्या गळतात न, त्या मी दहा वर्षांपासून जोडते, उन्हाळ्यात पेटीवर कोण येते, पोट भरायले टाक्या. रेझिन, हार्डनर, काचेच्या धाग्याचं कापड, हे सगळं तिथं शिकली, बोटं जाळून शिकली. तुमच्या गिटारीले काचेचं चाललं नसतं, जड होते, म्हणून काळं कापड मागवून ठेवलंतं मागच्याच वर्षी, हातरुमालाएवढं. कोणाची तरी फुटन अन् येईन, मले माहीत होतं. आता भोक एवढंसं, आत हात जाते पण दाबून धरता येत नाही. मंग काय केलं? फुटबॉलचं ब्लॅडर. ठिगळ भिजवून आतून लावलं, त्यावर दुधाच्या पिशवीचा कागद, म्हणजे चिकटत नाही, अन् ब्लॅडर आत सोडून पंपानं फुगवलं. असं पोटुशी बाईसारखं दाबून बसलं! पहिल्या दिवशी दुपारी कालवली तर रेझिन वाटीतच उकळली, त्रेचाळीसमध्ये ती काय थांबते. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता केलं, माठाच्या पाण्यात वाटी ठेवून.

अन् मंग तपासणी. ती तर पाहण्यासारखी. कापडाचे थर आतल्या आत कुठवर सुटले ते डोळ्याले दिसत नाही. तर हा बंदा रुपया घ्यायचा, अन् पाटीवर बोटाबोटानं टिचकत जायचं. जिथं घट्ट आहे तिथं एक बोलते, जिथं सुटलं आहे तिथं दुसरं. अन् ही पाहा सागवानाची काडी, हातभर, बापाच्या डेपोतली. हे टोक गिटारीच्या पाटीवर, अन् हे टोक असं — दातात. अन् टिचकी. टक्, टक्, टक् — घट्ट असलं का वरच्या दातात झिणझिण येते, पार डोळ्यामागपर्यंत, अन् सुटलेलं असलं का नुसतं मातीत बोट खुपसल्यासारखं. तंबाखू कधी खाल्ला नाही म्हणून बत्तीसातले सव्वीस शाबूत आहेत, माहे खरे हत्यार तेच. दोन वर्षांपासून सगळं असंच तपासते. पेटीही, गिटारही. तुमची काळी तर एवढी बोलते दातात, एवढी बोलते, लाकडाच्या दुप्पट — मी एक अख्खी सकाळ तारा छेडत बसलीती, काडी धरून, लेकरू पेपरमिंट चोखते तसं. किती दिवसांनी खालचा सा असा सबन अंगात … कानाचं काय काम त्यात, कान तर …

— पाणी घ्या. ऊन वाढून राह्यलं. निघा आता, राळेगाव काही जवळ नाही, कळंबवरून जावं लागन.

— काय केलं तुम्ही आत्ता? नाही, मी माठाकडे वळली तेव्हा. माही पाठ होती तुमच्याकडे. तुम्ही काहीतरी म्हणाले. म्हणाले न? — ह्या कपाटाले काच आहे, साहेब. काचेत तुमचे ओठ हलताना दिसले. तुम्ही माह्या पाठीमागून हळूच बोलून पाहिलं, म्हातारी वळते का नाही. — वळली नाही. पाहून घेतलं तुम्ही. आता चेहरा पाहा कसा खुलला! आल्यापासून पहिल्यांदा खुलला.

म्हणा. मोठ्यानं म्हणा, आता तर चांगलं तोंड इकडे करून म्हणून राह्यले. — ‘चिठ्ठी काढा, नाहीतर …’ नाहीतर काय? — हां. नाहीतर गावात सांगणार. बहिरी बाई सूर लावते. पुसदहून, राळेगावहून ज्या कानासाठी लोक येतात तो कान गेला म्हणून सांगणार. — असं. बस, बस, खाली बस. मघापासून तुम्ही-तुम्ही करून माही जीभ दुखली, आता तू. तू बस, अवधूत.

तुले वाटलं मोठा दगड सापडला. बरोबर आहे, मोठाच आहे. दोन वर्षं झाली, उजवा पुरा गेला, डावा गेल्यासारखाच. डॉक्टरनं मशीन दिलं, कानात घातलं तर कूलर, फटफटी, कुत्रं, सगळं एकाच भांड्यात ढवळल्यासारखं, काढून ठेवलं. कोणाले सांगितलं नाही. माह्या बहिणीच्या पोरीले नाही, संघदीपले नाही. सूर कसे लावते? फोन मांडीवर ठेवते, पदराखाली, त्यात काटा असते, काटा मधात आला का सूर बरोबर. वरून डोळे मिटून मान हलवते, गिऱ्हाईक म्हणते पाहा, काय कान आहे! हा कूलर? हा कूलर काहून चालू असते, माहीत आहे? मले उकडते म्हणून? मी त्रेचाळीसमध्ये रेझिन कालवून पाहणारी बाई, मले काय उकडते! कूलर चालू असला का येणारा आपोआप ओरडून बोलते, अन् कोणाले काही समजत नाही. हिवाळ्यात पॉलिशचं मशीन चालू ठेवते. दोन वर्षं लाईट खर्चून राह्यली मी एवढ्यासाठी.

— नाही, तू बोलू नको. मी बोलून राह्यली. मघा तुले मी काय म्हटलं? तुटतच नाही म्हणू नको, तुटते अन् दुरूस्त होते असं म्हण. हे तुले म्हटलं अन् मी इथं काय करून राह्यली? डोळे मिटून मान हलवून राह्यली. तुह्या गिटारीले कुमारिका म्हटलं अन् मी कोण? — हेच तर. हे मले आत्ता माह्याच तोंडून ऐकू आलं. ऐकू आलं! पाह्य, एवढं तर अजून येते.

सरक. तो पेन दे इकडे. गिटार आडवी धर, भोक उजेडाकडे. — काढत नाही, भैताडा, काढायले पेन लागते का? — लिहून राह्यली. वाच, तुले उलटं वाचता येत असन तर. ‘तपासणारीले ऐकू येत नाही. रुपयानं अन् दातानं तपासली. सूर बरोबर आहे. रुखमाबाई उकंडा.’ अन् तारीख. हा डिंक. ही पहिलीच्या बाजूले. दाब अंगठ्यानं. हं. — एक काढायले आलता, दोन घेऊन जा.

आता जा न, सांग गावात. बत्ती लावून पाहणाऱ्या मॅडमले सांग, चौकात उभा राहून सांग. तू तोंड उघडायच्या आधी माही चिठ्ठी बोलते. मॅडमनं बारा घेतल्या तर घेतल्या, नाही घेतल्या तर तुह्या वाक्यामुळे नाही घेतल्या, चिठ्ठीमुळे नाही. अन् पुसदचे लोक येतीन का नाही येणार ते पाहू. ज्याले कान पाहिजे तो नाही येणार. ज्याले पेटी पाहिजे तो येईन.

थांब. जाता जाता तो खटका बंद कर. कूलरचा, हो, कूलरचाच. — कर म्हटलं न. आता कायले पाहिजे तो आवाज.

… हं.

किती शांत आहे. तुले काय ऐकू येते रे आता? — नको सांगू. पिशवी नीट बांध, दोन्हीकडून बांध, गतिरोधकावर हळू घे. अन् अजून काही म्हणायचं असन तर म्हणत बस, मी पाठ फिरवून राह्यली.